आगोट ते मोहोर: रत्नागिरीत रोज धावणारी केमन एस

गाडी: पोर्शे केमन एस, ९८७ मालिकेतली दुसरी आवृत्ती. ३.४ लिटरचे सहा सिलिंडरचे बॉक्सर (सिलिंडर आडवे, समोरासमोर) इंजिन, ३२० पीएस (अश्वशक्ती), ३७० न्यूटन-मीटर, सहा गिअरची मॅन्युअल पेटी.
ठिकाण: भाट्ये खाडीच्या दक्षिणेला, समुद्रापासून पाऊण किलोमीटरच्या आत.
रनिंग: रोज मिरजोळे एमआयडीसीपर्यंत जाऊन-येऊन वीस-बावीस किमी, महिन्यातून दोनदा आंबा घाटाने कोल्हापूर.

४ मे २०२५

आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीची, कामे सुरू करण्याआधी गाडीची जमिनीपासूनची उंची मोजून घेतली. टाकी अर्धी, चालक बसलेला, टायरमध्ये हवा स्टिकरप्रमाणे. पुढच्या बंपरच्या ओठाखाली १२० मिमी, पोटाखाली सर्वांत कमी ११० मिमी.

गतिरोधकाची भीती बहुतेकांना असते ती त्याच्या उंचीची. खरा प्रश्न रुंदीचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १०० मिमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा. केमनच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.४१५ मीटर. म्हणजे नियमाने बांधलेल्या गतिरोधकावर चारही चाके एकाच वेळी उंचवट्यावर असतात आणि पोटाकडे येणारा फुगवटा २.४१५ चा वर्ग भागिले १३६, इतकाच भरतो: ४३ मिमी. गाडी आरामात जाते. वाडीच्या तोंडाशी हाताने घातलेला अर्धा-पाऊण मीटर रुंदीचा, १५० मिमी उंच डांबरी बांध मात्र पूर्ण उंचीने दोन चाकांच्या मधे येतो. तिथे वेग कितीही कमी केला तरी पोट लागणारच.

उपाय एकच, तिरके जाणे. शक्य तितक्या कोनात, एका वेळी एकच चाक वर चढेल असे. त्या चाकाने उचलून धरल्यामुळे गाडीचा मधला भाग बांधावरून निसटतो. क्लच अर्धवट दाबून रेंगाळू नये. चाक चढले की क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरवर उतरावे. रोजच्या वाटेवर असे बांध सात आहेत. त्यांतल्या दोघांवर समोरून वाहन येत असेल तर थांबून वाट द्यावी लागते, कारण तिरके जायला अख्खा रस्ता लागतो.

बंपरखालचा काळा प्लॅस्टिकचा ओठ वेगळा बदलता येतो. तो घासला गेला तर जाऊ द्यावा. त्याला वाचवायला लोखंडी पट्टी ठोकली की पुढच्या वेळी धक्का थेट बंपरच्या पकडीवर जातो आणि त्या मोडतात.

११ मे

चाके. १९ इंची उतरवून १८ इंची बसवली, पुढे २३५/४०, मागे २६५/४० (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत). पुढच्या टायरची बाजूची उंची ८२ वरून ९४ मिमी झाली, मागची ९३ वरून १०६. या बारा-तेरा मिमी रबरावरच पावसाळ्यातले खड्डे निभावतात. हायवेवर काँक्रीट आणि डांबर जिथे जुळते तिथल्या धारदार कडेने रिम वाकते किंवा टायरच्या कुशीत फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही.

या गाडीत स्टेपनी नाही, जागाही नाही. बरोबर येतो तो सीलंटचा डबा आणि छोटा कॉम्प्रेसर. सीलंट खिळ्याच्या भोकाला चालतो, कुशीतल्या चिरेला नाही, आणि नंतर टायरवाल्याला आतून साफ करत बसावे लागते. म्हणून डिकीत पंक्चरच्या दोऱ्या, रीमर, कॉम्प्रेसर, चपटा जॅक आणि टॉर्क पाना कायम ठेवला. दोरी हा घरी पोचण्यापुरता उपाय; त्यावर हायवेचा वेग घ्यायचा नाही.

चाक काढताना दोन्ही मागची चाके हबला चिकटलेली निघाली. मिश्रधातूचे चाक, लोखंडी हब आणि मधे खारा ओलावा, म्हणजे बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन फुगते. रस्त्यात पंक्चर झाले असते तर बोल्ट काढूनही चाक सुटले नसते. हबची मधली कडी तारेच्या ब्रशने चकचकीत करून ॲल्युमिनियम पेस्टचा कागदाइतका पातळ थर दिला. डिस्ककडे पेस्ट अजिबात जाऊ द्यायची नाही. बोल्ट १३० न्यूटन-मीटरला, आडवे-तिडवे क्रम धरून, आणि शंभर किमीनंतर पुन्हा तपासून.

१८ मे

पुढचा बंपर उतरवला. मध्य-इंजिनाच्या या गाडीत रेडिएटर मागे नसून बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आहेत आणि प्रत्येकाच्या पुढे एसीचा कंडेन्सर. बंपरची तोंडे व्हॅक्यूम क्लीनरसारखी रस्त्यावरचा पाचोळा ओढतात. तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो, बाहेरून दिसत नाही. आज निघाले ते: सुरूच्या सुया, काजूची पाने, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा आणि जांभ्याच्या लाल मातीचा ओला थर. एकूण दोन पसे भरतील इतके.

याने दोन नुकसाने होतात. कुलंट गरम राहतो, हे पहिले. दुसरे जास्त महाग: ओला पाचोळा खारट लेपासारखा कंडेन्सरला चिकटून राहतो, त्याखाली ॲल्युमिनियम कुजते आणि एसीचा गॅस सूक्ष्म भोकांतून जातो. गॅस भरून घेत राहणे हा उपाय नव्हे.

सफाई मागून पुढे, म्हणजे हवा येते त्याच्या उलट दिशेने, बागेच्या नळाच्या दाबाने. प्रेशर वॉशरची धार फिनवर (जाळीच्या पातळ पट्ट्यांवर) मारली तर फिन आडव्या होतात. त्यानंतर दोन्ही तोंडांच्या आतून स्टेनलेस जाळी बसवली, भोके ६ मिमीची. त्याहून बारीक जाळी हवा अडवते. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधली. उघड्या ॲल्युमिनियमला स्टेनलेस टेकू नये यासाठी मधे रबराची पट्टी.

त्याच ओघात काचेच्या तळाचे निचरे. पुढच्या डिकीत, काचेजवळच्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली बॅटरी बसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाणी खाली सोडणाऱ्या रबरी नळ्या. आंब्याच्या झाडाखाली महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत त्या हमखास तुंबतात. प्रत्येक बाजूला दोन लिटर पाणी ओतून पाहिले. उजवीकडचे लगेच खाली पडले, डावीकडचे साठून राहिले. रबराचे टोक दाबून उघडले तेव्हा चिखलाची गुठळी निघाली. हे राहून गेले असते तर जूनच्या पहिल्या झडीत बॅटरीभोवती तळे झाले असते.

२६ मे

मोसमी पाऊस आज मुंबईला पोचला. तिथली नेहमीची तारीख ११ जून. आगोटीचे पंधरा दिवस पावसाने गिळले आणि शेडचे काम भर सरींत उरकावे लागले.

शेड तीन बाजूंनी जांभ्याच्या चिऱ्याची, वर मंगलोरी कौले. पश्चिमेकडून येणारी झड रोखायला माडाच्या झावळ्यांचे झाप लावले. ताडपत्रीपेक्षा झाप चांगले, कारण पाणी अडते आणि हवा खेळती राहते. गाडीवर अंगाबरोबरचे कव्हर घालायचे नाही, हा नियम पक्का. ओल्या गाडीवर कव्हर घातले की आत वाफ कोंडते, वर कव्हर हलून लाल धूळ रंगावर घासली जाते. कोब्यातून वर येणाऱ्या ओलीसाठी खाली जाड पॉलिथिन आणि त्यावर रबरी मॅट. माडाखाली तर उभी करायचीच नाही. नारळ पडून छप्पर दबले की ते ठोकून सरळ होत नाही.

८ जून

दोन दिवस गाडी बाहेर निघाली नव्हती. आज पहिला गिअर टाकून सोडताच मागून 'टक्' असा आवाज आला आणि मग चाके फिरली. हँडब्रेकचे शू ड्रमला गंजाने चिकटले होते. या गाडीत हँडब्रेक मागच्या डिस्कच्या पोटातल्या छोट्या ड्रमवर चालतो. पाणी आत गेले की बाहेर यायला वाट कमी.

पावसाळ्यात सपाटीवर हँडब्रेक ओढायचा नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा. चिकटलाच तर जोरात ॲक्सिलरेटर देऊ नये, शूचे अस्तर सुटून येते. पुढे-मागे हलकेच झुलवावे, नाहीतर चाक काढून ड्रमच्या भागावर रबरी हातोडीने चार टोले.

डिस्कवरचा तांबूस गंज रात्रीत येतो आणि पहिल्या पाच-सहा ब्रेकमध्ये जातो. त्याची काळजी नको. काळजी करायची ती डिस्कच्या बाहेरच्या कडेला उरणाऱ्या ओठाची आणि आतल्या बाजूची, जी दिसत नाही. पुढची डिस्क नवी २८ मिमी जाडीची, बदलायची मर्यादा २६. आज आतल्या-बाहेरच्या बाजू धरून चार ठिकाणी मोजली: २७.१ ते २७.२. आरपार भोकांत मीठ आणि पॅडची भुकटी सिमेंटसारखी घट्ट झाली होती. ती हातानेच, बोथट सळईने काढली.

धुतल्यावर गाडी शेडमध्ये नेण्याआधी तीन-चारशे मीटर हलका ब्रेक दाबत चालवायची. डिस्क गरम होऊन कोरड्या होतात. चिकटण्याचा प्रकार एवढ्याने थांबतो.

२२ जून

सकाळी थंड इंजिन चालू करताच थरथर, चेक इंजिनचा दिवा लुकलुकता. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात आहे. तसेच पुढे चालवू नये. स्कॅनरने पी०३०४ दाखवले, चौथ्या सिलिंडरची ठिणगी चुकते.

या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल, सहा. इंजिन आडवे पसरलेले असल्याने त्या खाली, दोन्ही कुशींना, चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या वाटेवर आणि एक्झॉस्टच्या उष्णतेजवळ आहेत. रोज तापणे आणि त्यावर गार पाणी, यात कॉइलच्या डोक्याच्या प्लॅस्टिकला केसासारखी चीर जाते. कोरड्या हवेत ती महिनोन्महिने त्रास देत नाही. खारे पाणी शिरले की वीज प्लगऐवजी त्या चिरेतून जवळच्या धातूकडे उडते. म्हणूनच हा बिघाड पावसात आणि पहाटे दिसतो आणि दुपारी गॅरेजमध्ये नेईपर्यंत गायब होतो.

खात्री करण्याची पद्धत: चौथ्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पुन्हा चालू करावे. दोष कॉइलबरोबर सरकला तर प्लग आणि इंजेक्टर निर्दोष. सरकला. मागची चाके काढली की खालून हात पोचतो. इंजिन पूर्ण थंड असावे. सहाही कॉइल आणि सहाही प्लग बदलले, प्लग ३० न्यूटन-मीटरला. एकच बदलून भागत नाही: सगळ्यांचे वय सारखे, आणि पुढची आंबा घाटात धुक्यात जाईल. कनेक्टरच्या रबरी बाहीच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा थेंब दिला, पिनांवर थापले नाही.

६ जुलै

पाण्यातून जाण्याची मर्यादा रिमच्या खालच्या कडेपर्यंत. हवा घेण्याचे तोंड मागच्या चाकाच्या पुढे कुशीत असल्याने ते उंच आहे, म्हणून फसवा धीर येतो. पण पोटाखालची आवरणे पाण्याने भरतात आणि समोरच्या एसटीची लाट कुशीपर्यंत येते. पाण्यात बंद पडली तर स्टार्टर पुन्हा मारायचा नाही. सिलिंडरमधले पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीकाठच्या रस्त्यावर येणारे पाणी खारे असते. ते चार बोटे असले तरी वाट बदलावी.

वेगाविषयी. पाण्याच्या थरावर टायर तरंगायला लागण्याचा वेग विमानांच्या टायरसाठी ठरवलेल्या सूत्राने काढता येतो: पीएसआयमधल्या दाबाचे वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये (ताशी सागरी मैल). २९ पीएसआयला ताशी सुमारे ९० किमी, २४ ला सुमारे ८२. मोटारीच्या रुंद टायरला हे आकडे वरची हद्द समजावे, आणि नक्षी झिजली की ती आणखी खाली येते. कायद्याने नक्षी १.६ मिमी चालते. कोकणातल्या पावसात ३ मिमीच्या खाली हे टायर ठेवू नयेत. सरी असताना ६०-७० पुरे.

२० जुलै

आतली ओल. स्टिअरिंगवर आणि सीटच्या शिवणीत हिरवट बुरशी, पायाखालच्या मॅटला कुबट वास. चामडे कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून, पंख्यापुढे पूर्ण वाळवून मग कंडिशनर. ओल्या चामड्यावर कंडिशनर लावला तर बुरशीला खाद्यच मिळते.

ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बाजारात मिळतात, ते गाडीत ठेवू नयेत. त्यात साठणारे पाणी म्हणजे दाट मिठाचा पाकच. एका वळणावर सांडले की सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर गेले. त्यापेक्षा घरी पोचण्याआधी दोन किमी एसीचा कॉम्प्रेसर बंद करून पंखा चालू ठेवावा, बाष्पकावरचे (एसीच्या आतल्या गार जाळीवरचे) पाणी वाळते. शेडमध्ये काचा बोटभर खाली आणि छोटा डीह्युमिडिफायर. दिवसाकाठी त्याच्या टाकीत तीन-चार लिटर पाणी जमते, त्यावरून हवेचा अंदाज करावा.

बॅटरीवर चार्जर कायम लावलेला. वीज गेल्यावर तो पुन्हा आपोआप चालू होणाराच घ्यावा. बॅटरी पूर्ण उतरली तर पुढची डिकी उघडतच नाही, कारण तिची कळ विजेवर चालते आणि बॅटरी तिच्याच आत. फ्यूजबॉक्समधले धन टोक बाहेर ओढून त्याला बाहेरच्या १२ व्होल्टचे धन आणि ऋण दाराच्या कडीच्या धातूला लावले की कळ उघडण्यापुरती वीज मिळते. इंजिन चालू करायला ते टोक वापरू नये, तेवढा प्रवाह त्याला सोसत नाही.

१० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा झाली. आता मासळीच्या गाड्या वाढतील आणि त्यांतून गळणारे बर्फाचे खारट पाणी रस्त्यावर पट्ट्यासारखे सांडेल. अशा गाडीमागे राहू नये, अंतर ठेवावे किंवा पुढे जाऊ द्यावे.

धुण्याच्या पाण्याची टीडीएस (विरघळलेल्या क्षारांची) मोजणी: मेमध्ये आवारातल्या विहिरीचे ८६०, आज त्याच विहिरीचे २४०, पागोळ्यांखाली धरलेल्या पाण्याचे २०. मे महिन्यात मचूळ विहिरीच्या पाण्याने गाडी धुणे म्हणजे मीठ लावणे. पावसाळ्यात पागोळीचे पाणी पिंपात धरून शेवटची धुणावळ त्यानेच. कौलांवरून पहिल्या सरींचे पाणी मातकट येते, ते सोडून द्यावे.

क्रम: आधी खालून. चाकाच्या कमानी, सबफ्रेम, डिस्कमागचे पत्रे, दाराखालच्या पन्हळी. मग वरून नुसत्या पाण्याने लाल माती वाहून जाऊ द्यायची. जांभ्याच्या धुळीत लोहाच्या गंजाबरोबर बारीक कठीण कण असतात; फडके आधी लागले की रंगावर कोळ्याचे जाळे उमटते. शेवटी दोन बादल्यांची पद्धत: एकीत शॅम्पू, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. दर आठवड्याला खालून, वरून पंधरवड्याने. लोक उलटे करतात.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती. हायवेवर रांगा, ताशी दहा किमीचा प्रवास. क्लच वाचवायचा तर पुढच्या गाडीला दोन गाड्यांचे अंतर पडू द्यावे, मग पहिल्या गिअरवर क्लच पूर्ण सोडून चालावे. चढावर क्लचवर गाडी तोलून धरू नये. मेमध्ये साफ केलेल्या रेडिएटरचा फायदा दिसला: दोन तासांच्या रांगेत कुलंटचा काटा हलला नाही.

१२ ऑक्टोबर

पाऊस सरला. गाडी चार स्टँडवर. ब्रेक ऑइलमधला ओलावा दोन टक्क्यांवर गेलेला, बदलून एक वर्षच झाले होते. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलची उकळण्याची किमान मर्यादा कोरड्या स्थितीत २३० अंश, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १५५. आंबा घाट उतरताना हा फरक पायाखाली कळतो, पेडल मऊ पडते. दोन वर्षांचा नेहमीचा काळ इथे एक वर्ष धरला. घाटात तिसऱ्या गिअरवर इंजिनानेच वेग धरावा, ब्रेक थोडा वेळ पण ठाम.

एक्झॉस्टच्या जोडाचे नट गंजून डोकी गोल व्हायला आली होती. पाना जोरात मारला असता तर स्टड तुटून हेडमध्ये राहिले असते. भेदक तेल तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, मग थोडी उष्णता देऊन घट्ट-सैल करत काढले; नवे स्टेनलेसचे, तांब्याच्या पेस्टसकट.

सबफ्रेम, बोल्टांची डोकी आणि ब्रेकच्या नळ्यांच्या पकडींवर लॅनोलिनचा (लोकरीच्या चरबीचा) फवारा. आधी पूर्ण धुवून दोन दिवस वाळवले. मिठावर फवारा मारला तर मीठ आत कोंडते. डिस्क, पॅड, एक्झॉस्ट आणि रबरी बुश कागदाने झाकून.

२ नोव्हेंबर

पेट्रोल. या इंजिनाचे दाबाचे प्रमाण १२.५ ला १. ९१ ऑक्टेनवर नॉक सेन्सर (इंजिनातला ठोका ओळखणारा) ठिणगी उशिरा पाडायला लावतो. घाटात तिसऱ्या गिअरवर ओढ कमी जाणवते. ९५ च्या खाली भरायचे नाही. पण जास्त ऑक्टेन म्हणजे इथेनॉल नाही, असे नव्हे.

मोजण्याची सोपी रीत, उघड्यावर आणि ज्योतीपासून दूर: मोजपात्रात १०० मिली पेट्रोल, २० मिली पाणी, हलवून दहा मिनिटे स्थिर. इथेनॉल पाण्याकडे उतरते. खालचा थर २० ऐवजी ३८ मिलीवर थांबला, म्हणजे जवळजवळ वीस टक्के. या पिढीच्या गाडीसाठी मान्य मर्यादा दहा. इथेनॉलची ऊर्जा कमी असल्याने लिटरमागे सुमारे सात टक्के तोटा धरावा. ६४ लिटरच्या टाकीत पावसाळाभर पेट्रोल अर्ध्यावर येऊ द्यायचे नाही, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेतला ओलावा इथेनॉल ओढून घेते. इंधनाच्या रबरी नळ्यांचे जोड दर सहा महिन्यांनी बोटांनी दाबून पाहायचे. चिकट किंवा फुगीर लागले की बदल.

१८ जानेवारी २०२६

मोहोर आला. तुडतुडे मोहोरातला रस शोषून चिकट स्राव सोडतात, तो काचेवर आणि छपरावर तुषारासारखा बसतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. कोरडे पुसले की ओरखडे. कोमट पाण्याचे ओले फडके दहा मिनिटे टाकून मग धुवावे. एप्रिलमध्ये आंब्याचा चीक पडेल तेव्हा पाणी कामाचे नाही, खोबरेलाचा बोळा दोन मिनिटे ठेवून शॅम्पू. चोवीस तास राहिलेला चीक रंगाच्या वरच्या थरात डाग कोरतो.

बॅटरीच्या आवरणाखाली उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेला काथ्या सापडला. वायर शाबूत. शेडच्या भिंतीतली चिऱ्यांची फट सिमेंटने बुजवली, पिंजरा लावला. गाडी रोज हलते म्हणून घरटे पुरे झाले नव्हते.

पुढचा बंपर यंदा मेऐवजी १५ एप्रिलला उतरवायचा.